तेलाचा वाटा घरोघरी : अलास्का

ऑक्टोबर उजाडला की अलास्कातल्या दुकानांवर सेलच्या पाट्या लागतात. आपल्याकडेही त्याच सुमाराला लागतात, पण त्या दिवाळीच्या. तिकडे सण नसतो. तिकडे लोकांच्या बँक खात्यात राज्याचे पैसे जमा झालेले असतात. फ्रीज, बर्फावर चालणाऱ्या गाड्या, विमानाची तिकिटं, सगळ्यांच्या जाहिरातींत त्या पैशांचा उल्लेख असतो. पैसे गरिबाला मिळतात, श्रीमंतालाही तेवढेच. आजोबांना मिळतात आणि मागच्या वर्षी जन्मलेल्या तान्ह्या बाळालाही. फक्त बाळाचा अर्ज आईवडिलांनी भरायचा.

वाचकहो, आज या सदरात आपण अमेरिकेच्या या टोकाच्या राज्यात जाऊ. तिथलं बर्फ, अस्वलं आणि उत्तरेच्या आकाशातले हिरवे प्रकाश तुम्ही फोनवर पुष्कळ पाहिले असतील. ते सुंदर आहेच. पण मला या राज्याची खरी गंमत वाटते ती त्याच्या तिजोरीत. गेली चाळीसहून अधिक वर्षं तिथे एक प्रश्न सुटता सुटत नाही: जमिनीखालचं धन सगळ्यांचं असेल, तर त्याचे पैसे घरोघरी वाटावेत, की त्यातून शाळा चालवाव्यात?

आधी नकाशा उघडा. फोनवर अलास्का शोधलंत तर ते मुख्य अमेरिकेला चिकटलेलं दिसणार नाही. मध्ये अख्खा कॅनडा पसरलेला आहे. पाण्यासकट धरलं तर क्षेत्रफळ सुमारे 17 लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रासारखी साडेपाच राज्यं आत बसतील. भारताच्या निम्म्याहून जास्त. आणि माणसं किती? 2020 च्या जनगणनेत 7 लाख 33 हजार. मुंबई महापालिकेच्या दोन वॉर्डांत सगळं राज्य राहायला आणता येईल. त्यातही पाचातले दोन जण एकट्या अँकरेज शहरात राहतात. उरलेली माणसं एवढ्या अफाट मुलखात मुठीतले दाणे फेकावेत तशी विखुरलेली.

पश्चिमेला बेरिंगची सामुद्रधुनी आणि पलीकडे रशिया. सामुद्रधुनीच्या मधोमध दोन छोटी बेटं आहेत, थोरलं डायोमीड आणि धाकटं डायोमीड. थोरलं रशियाचं, धाकटं अमेरिकेचं. अंतर सुमारे चार किलोमीटर. पण मधून आंतरराष्ट्रीय वाररेषा जाते. त्यामुळे धाकट्या बेटावर रविवार असतो तेव्हा समोर दिसणाऱ्या बेटावर बहुतेक वेळ सोमवार असतो. घरात शाळकरी मुलं असतील तर त्यांना हे नकाशावर जरूर दाखवा. वाररेषा पाठ करून कळत नाही ती अशी कळते.

उत्तर अमेरिकेतलं सर्वांत उंच शिखर इथेच आहे, 6,190 मीटर. त्याच्या नावाचंही राजकारण झालं. मूळ रहिवाशांचं नाव डेनाली. सरकारी नकाशात ते बरीच वर्षं एका राष्ट्राध्यक्षाच्या नावाने मॅकिन्ली होतं, 2015 मध्ये पुन्हा डेनाली झालं आणि 2025 मध्ये वॉशिंग्टनच्या हुकुमाने परत मॅकिन्ली. अलास्कातले लोक बहुतकरून डेनालीच म्हणतात. शहरांची आणि स्टेशनांची नावं बदलताना पाहिलेल्या आपल्यासारख्यांना यात नवल वाटायला नको.

अगदी उत्तरेला उत्कियाग्विक नावाचं गाव आहे. तिथे नोव्हेंबरच्या मध्यावर सूर्य मावळतो तो जानेवारीच्या उत्तरार्धात उगवतो. उन्हाळ्यात उलटं, ऐंशीहून अधिक दिवस तो मावळतच नाही. दक्षिणेकडच्या मटानुस्का खोऱ्यात या लांबलचक उजेडावर भाज्या अशा फोफावतात की 2012 च्या जत्रेत एका कोबीचं वजन 62 किलोच्या वर भरलं होतं. आपल्या घरात एक किलोचा कोबी आणला तरी तीन दिवस तीच भाजी म्हणून कुरकुर होते!

जमीन मात्र स्वस्थ बसणारी नाही. 27 मार्च 1964 ला इथे 9.2 तीव्रतेचा भूकंप झाला. यंत्रांनी मोजलेल्या भूकंपांत याहून मोठा एकच, 1960 चा चिलीतला. जमीन सुमारे साडेचार मिनिटं हलत होती. भूकंप आणि त्यानंतरच्या समुद्राच्या लाटा मिळून 131 जण गेले. वाल्डीझ नावाचं बंदराचं गाव इतकं खिळखिळं झालं की पुढे ते उचलून काही किलोमीटरवर नव्याने वसवावं लागलं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हा सगळा मुलूख अमेरिकेने 1867 मध्ये रशियाकडून विकत घेतला. किंमत 72 लाख डॉलर, म्हणजे एकरी दोन सेंट. परराष्ट्रमंत्री विल्यम सूअर्ड यांनी सौदा केला आणि विरोधकांनी त्यांची यथेच्छ टिंगल केली. बर्फाचा डोंगर घेऊन काय करायचा, असा सूर होता. या सौद्यात तिथे हजारो वर्षं राहणाऱ्या लोकांना कोणी काही विचारलं नाही, हेही नोंदवून ठेवायला हवं. इन्युपियाक, युपिक, अल्यूट, अथाबास्कन, ट्लिंगिट, हैडा असे कितीतरी समाज तिथे होते आणि आहेत. आज राज्याच्या लोकसंख्येत त्यांचं प्रमाण पाचात एकाच्या आसपास आहे. 2014 मध्ये राज्याने इंग्रजीबरोबर 20 मूळ भाषांना अधिकृत दर्जा दिला. त्यांतल्या एयाक भाषेची शेवटची जन्मभाषिक व्यक्ती मात्र 2008 मध्येच वारली होती. दर्जा आला तेव्हा घरात ती भाषा बोलणारं कोणी उरलं नव्हतं.

राज्य म्हणून अलास्का तसं तरुण आहे. 3 जानेवारी 1959 ला ते अमेरिकेचं 49 वं राज्य झालं, म्हणजे आपल्या महाराष्ट्रापेक्षा वर्षभराने मोठं. त्याची राज्यघटना त्याआधीच, 1955-56 च्या हिवाळ्यात फेअरबँक्सजवळच्या विद्यापीठात बसून 55 प्रतिनिधींनी लिहिली होती. अमेरिकेत राज्यांनाही स्वतःची घटना असते, हे आपल्याकडे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. या घटनेत एक संपूर्ण प्रकरण नैसर्गिक संपत्तीवर आहे. मासे, जंगल, पाणी हे लोकांच्या सामाईक वापरासाठी आहेत आणि राज्याची साधनसंपत्ती लोकांच्या जास्तीत जास्त हितासाठी वापरायची, असं त्यात लिहिलेलं आहे. त्या लोकांच्या डोळ्यांसमोर तेल नव्हतं, सामन मासे होते. बाहेरच्या कंपन्या नदीच्या तोंडाशी सापळे लावून मासे ओढून नेत आणि स्थानिकांच्या हाती काही लागत नसे. तो राग घटनेत उतरला.

राजधानी आहे जुनो. वस्ती साधारण 32 हजार. पुढे समुद्राची चिंचोळी खाडी, मागे डोंगर आणि त्यामागे प्रचंड हिमक्षेत्र. या राजधानीला बाहेरून येणारा रस्ताच नाही. विमानाने या, नाहीतर बोटीने. अँकरेजच्या आमदाराला विधिमंडळात पोचायला सुमारे नऊशे किलोमीटर उडावं लागतं. लोक वैतागले, 1974 मध्ये त्यांनी राजधानी हलवायच्या बाजूने मत दिलं, 1976 मध्ये विलो नावाची जागाही निवडली. मग 1982 मध्ये नव्या शहराचा खर्च समोर मांडला गेला आणि त्याच लोकांनी नको म्हणून सांगितलं. राजधानी जुनोतच राहिली.

विधिमंडळ लहानसं आहे. वरच्या सभागृहात 20, खालच्या सभागृहात 40. आपल्या विधानसभेत 288 आणि परिषदेत 78 असतात, म्हणजे तिथे सगळे मिळून आपल्या परिषदेपेक्षाही कमी. तिथला गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे बरं का. तो लोकांनी थेट निवडलेला असतो आणि कामाने आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळ जातो. अर्थसंकल्पातली एखादी रक्कम त्याला पसंत नसेल तर तेवढ्या ओळीवर काट मारायचा अधिकार त्याला आहे. तो काट उठवायला 60 पैकी 45 आमदार लागतात. हा आकडाही डोक्यात राहू द्या.

आपल्या जिल्ह्यासारखा भाग तिथे असतो त्याला बरो म्हणतात. पण राज्याच्या निम्म्याच्या आसपास भागात बरोसुद्धा नाही. तिथे जिल्हा परिषदेसारखं काही नाही, शाळा आणि बाकीची कामं थेट राज्याच्या अंगावर. बहुतेक खेड्यांना बाहेरचा रस्ता नाही. दूध, पीठ, टपाल, आजारी माणूस, सगळं छोट्या विमानातून. त्यामुळे खेड्यातल्या दुकानात किमती ऐकून शहरातला माणूस गार होतो. तिथे ऑक्टोबरचे पैसे नवा टीव्ही घ्यायला नसतात, हिवाळ्याचं इंधन भरायला असतात. हे ध्यानात ठेवलं नाही तर पुढचं भांडण आपल्याला कळायचं नाही.

आता तेलाकडे येतो. राज्य झालं तेव्हा केंद्राने अलास्काला दहा कोटी एकरांहून जास्त जमीन स्वतः निवडून घ्यायची मुभा दिली होती. राज्याच्या माणसांनी उत्तर किनाऱ्यावरचा एक ओसाड, गोठलेला पट्टाही निवडला. त्याच पट्ट्यात, प्रूडो बे इथे, 1968 मध्ये उत्तर अमेरिकेतला सर्वांत मोठा तेलसाठा मिळाल्याचं जाहीर झालं. जमीन राज्याची, म्हणून मालकीहक्काचा वाटाही राज्याचा.

1969 मध्ये तिथल्या भाडेपट्ट्यांचा लिलाव झाला आणि एका दिवसात राज्याला 90 कोटी डॉलर मिळाले. राज्याच्या वर्षाच्या खर्चाच्या कितीतरी पट रक्कम. काही वर्षांत ती संपली. शाळा, रस्ते, पाणी, वीज यांवर गेली, उधळली असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण लोकांच्या मनात चुटपुट राहिली की एवढे पैसे आले आणि गेले कुठे? ज्याच्या घरी कधी जमीन विकली गेली आहे, त्याला ही चुटपुट वेगळी समजावून सांगायला नको.

तेल मिळालं तरी ते आणायचं कसं? उत्तरेचा समुद्र बहुतेक वर्ष गोठलेला. म्हणून उत्तरेपासून दक्षिणेच्या वाल्डीझ बंदरापर्यंत सुमारे 1,290 किलोमीटर लांब नळ टाकायचं ठरलं. हो, तेच भूकंपाने उठवलेलं वाल्डीझ. पण जमीन कोणाची, हा प्रश्न आधी सोडवावा लागला. 1971 मध्ये केंद्राने कायदा केला. मूळ रहिवाशांना चार कोटी चाळीस लाख एकर जमीन आणि 96 कोटींहून अधिक डॉलर मिळाले, बाकीच्या जमिनीवरचा त्यांचा हक्क संपला. गंमत अशी की ही जमीन जमातींना न देता नव्याने काढलेल्या कंपन्यांना दिली आणि लोकांना त्यांचे भागधारक केलं. शिकारीवर आणि मासेमारीवर जगणारी माणसं एका कायद्याने शेअरहोल्डर झाली. यातल्या काही कंपन्या आज राज्यातल्या सर्वांत मोठ्या उद्योगांत मोडतात. हा सौदा बरा होता की वाईट, यावर तिथल्याच घरांत दोन मतं आहेत.

नळाचं काम 1975 ते 1977 चाललं. खर्च सुमारे आठ अब्ज डॉलर. इथली जमीन खोलवर कायम गोठलेली असते. गरम तेलाचा नळ तिच्यात पुरला तर बर्फ वितळून जमीनच खचेल. म्हणून अर्ध्याहून अधिक नळ जमिनीच्या वर, खांबांवर आहे. अनेक खांबांत अशी नळी बसवली आहे, जी हिवाळ्यात जमिनीतली उष्णता बाहेर हवेत सोडत राहते. नळ सरळ न नेता नागमोडी नेला आहे, म्हणजे थंडीने आकसला, उन्हाने फुगला, भूकंपाने हलला तरी फुटणार नाही. 2002 च्या मोठ्या भूकंपात तो खरोखरच टिकला.

20 जून 1977 ला तेल सुटलं. 1988 मध्ये रोज वीस लाख पिंपं जात होती. आज पाच लाखांच्याही आत. कमी तेल म्हणजे सावकाश चाल. पूर्वी तेलाला उत्तरेहून दक्षिणेला यायला चार-पाच दिवस लागत, आता दोन आठवड्यांहून जास्त लागतात. वाटेत ते निवतं, त्यातलं मेण नळाच्या आत धरतं. अभियंते आता वाटेत तेल तापवायच्या खटपटीत असतात.

24 मार्च 1989 ला वाल्डीझहून निघालेलं एक्सॉन वाल्डीझ हे तेलवाहू जहाज खडकावर चढलं आणि चार कोटी लिटरहून अधिक तेल समुद्रात गेलं. पक्षी, पाणमांजरं, हेरिंग मासे, त्यावर जगणारी मच्छीमार घरं, सगळ्यांचं नुकसान मोजता मोजता वर्षं गेली. मासे हा अलास्काचा दुसरा मोठा आधार. ब्रिस्टल उपसागरात तांबड्या सामनचा जगातला सर्वांत मोठा हंगाम असतो आणि अमेरिकेच्या एकूण मासळीतली निम्म्याहून जास्त मासळी हे एकटं राज्य देतं. आणखी एक आधार तुमच्या लक्षात येणार नाही असा आहे: अँकरेजचा विमानतळ. आशिया आणि अमेरिकेच्या मध्ये तो असा बसला आहे की मालवाहू विमानं तिथे इंधन भरायला उतरतात. जगातल्या सर्वांत गजबजलेल्या मालवाहू विमानतळांत त्याची गणना होते.

पण पैशाचं ते पैशाचंच. 90 कोटींची चुटपुट विसरायच्या आत नळाचं उत्पन्न सुरू होणार होतं. त्या वेळी गव्हर्नर होते जे हॅमंड. दाढीवाला माणूस, पेशाने मच्छीमार आणि छोट्या विमानाचा वैमानिक. त्यांचं म्हणणं साधं होतं: तेल एकदाच निघतं, म्हणून त्याचा काही भाग आत्ताच बाजूला काढा. 1976 मध्ये लोकांनी मतदान करून घटनाच बदलली. खनिजांच्या मालकीहक्कातून येणाऱ्या पैशाचा किमान चौथा हिस्सा कायमच्या निधीत टाकायचा, मुद्दल कधी खर्च करायचं नाही. 1977 च्या फेब्रुवारीत पहिला भरणा झाला, 7 लाख 34 हजार डॉलर. आज त्या निधीत 80 अब्ज डॉलरहून अधिक आहेत.

मुद्दलाला हात नाही, पण व्याजाचं काय? हॅमंड यांनी ठरवलं की त्यातला वाटा लोकांना द्यायचा. यामागे नुसती उदारता नव्हती. खात्यात दरवर्षी काही येत राहिलं तर लोक निधीवर डोळा ठेवतील आणि पुढाऱ्यांना तो सहज फोडता येणार नाही, हा हिशोब होता. माझ्या मते राजकारणात इतका धोरणी विचार क्वचितच दिसतो. त्यांची पहिली योजना अशी होती की जितकी वर्षं राज्यात राहिलात तितका वाटा जास्त. नव्याने आलेल्या वकील नवरा-बायकोंनी तिला आव्हान दिलं आणि 1982 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. जुना रहिवासी आणि नवा रहिवासी असा भेद करता येणार नाही, असा निकाल. मग सगळ्यांना सारखाच, पहिला वाटा 1,000 डॉलर.

त्याआधीच, 1980 मध्ये, राज्याने आयकरही काढून टाकला होता. राज्याचा विक्रीकर नाही. म्हणजे सरकार लोकांकडून घेत काही नाही, उलट देतं. ऐकायला स्वर्गच! पण या स्वर्गाची सगळी मदार तेलाच्या भावावर होती. बराच काळ राज्याच्या सर्वसाधारण उत्पन्नातला ऐंशी टक्क्यांहून मोठा हिस्सा तेलाचा असे. 2014 च्या अखेरीस भाव कोसळले आणि तिजोरीला मोठं भगदाड पडलं. 2016 मध्ये गव्हर्नर बिल वॉकर यांनी वाट्याच्या रकमेवर काट मारून तो जवळजवळ निम्मा केला, 1,022 डॉलर. प्रकरण न्यायालयात गेलं. 2017 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वाटा किती हे दरवर्षी विधिमंडळाने ठरवायचं, जुन्या कायद्यातलं सूत्र त्याला बांधून ठेवत नाही.

2018 मध्ये आणखी एक वळण आलं. निधीच्या सरासरी किमतीच्या ठराविक टक्के रक्कम, आता पाच टक्के, दरवर्षी सरकारी खर्चासाठी काढायचं ठरलं. तेव्हापासून बहुतेक वर्षी राज्याच्या खर्चाचा सर्वांत मोठा आधार तेल नाही, हा निधी आहे. आता लोकांचा वाटा आणि शाळांचा पगार एकाच भांड्यातून निघतो. एकाचं पान वाढलं की दुसऱ्याचं कमी.

2018 च्या निवडणुकीत माइक डनलिव्ही यांनी पुरा वाटा देण्याचं वचन दिलं आणि ते जिंकले. 2019 मध्ये ते पैसे उभे करायला त्यांनी खर्चावर सपासप काटे मारले. एकट्या राज्य विद्यापीठाच्या अनुदानातले 13 कोटी डॉलर कापले, म्हणजे राज्याकडून मिळणाऱ्या रकमेच्या चाळीस टक्क्यांहून जास्त. गदारोळ झाला, मग ती कपात तीन वर्षांत सात कोटींवर आणली गेली. 2022 मध्ये तेल महागलं तर प्रत्येकाला 3,284 डॉलर मिळाले, त्या वेळच्या भावाने अडीच लाख रुपयांच्या वर. चार माणसांच्या घरात दहा लाख! 2023 मध्ये 1,312, 2024 मध्ये 1,702 आणि 2025 मध्ये पुन्हा 1,000. म्हणजे 1982 एवढेच. जुन्या सूत्राने 2025 चा वाटा साडेतीन हजारांच्या वर गेला असता.

मग उरलेले पैसे कुठे गेले? त्यातले काही शाळांकडे. प्रत्येक विद्यार्थ्यामागे राज्य जी मूळ रक्कम देतं ती कित्येक वर्षं जवळपास जागच्या जागी होती. महागाई वाढली, शिक्षक राज्य सोडून जाऊ लागले, खेड्यांतल्या शाळांच्या इमारती गळू लागल्या. 2025 मध्ये विधिमंडळाने ती रक्कम 700 डॉलरनी वाढवली. गव्हर्नरांनी त्यातल्या 200 डॉलरवर काट मारली. ऑगस्टमध्ये खास अधिवेशन भरलं आणि दोन्ही सभागृहं एकत्र बसली. मघाचा आकडा आठवतोय? काट उठवायला 45 मतं लागतात. नेमकी 45 पडली. एक आमदार कमी आला असता तर शाळांचे पैसे गेले असते.

यात कोण बरोबर? मला विचाराल तर मी शाळेच्या बाजूने आहे, पण नदीकाठच्या खेड्यातल्या आजीसमोर मला हे ठासून सांगता येणार नाही. पगारदार माणसाला हजार-दोन हजार डॉलर म्हणजे सहलीचे पैसे. तिच्या घरात तेवढ्याच पैशात हिवाळा निभतो. आयकर आणला असता तर श्रीमंताकडून जास्त आणि तिच्याकडून काहीच गेलं नसतं. वाटा कापला तर सगळ्यांकडून सारखाच कापला जातो, आणि सारखं कापणं गरिबालाच जास्त लागतं. तरीही आयकराचं नाव काढलं की तिथे निवडणूक हरायची भीती. आणि फुकट पैशाने माणसं आळशी होतात का? अर्थतज्ज्ञांनी आकडे तपासले, तर एकूण नोकऱ्यांवर परिणाम दिसला नाही, अर्धवेळ काम मात्र थोडं वाढलेलं आढळलं.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर गोव्याकडे वळा. 2012 मध्ये तिथल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या. 21 एप्रिल 2014 च्या निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की खनिजाच्या विक्रीतला दहा टक्के भाग पुढच्या पिढ्यांसाठी कायमच्या निधीत टाकायचा. 'गोंयची माती' ही चळवळ त्याच्या पुढची मागणी करते: खनिज सगळ्या गोंयकारांचं, तर निधीच्या उत्पन्नाचा वाटाही सगळ्यांना सारखा द्या. अलास्काचं उदाहरण या मागणीला फार जवळचं आहे. त्याचबरोबर अलास्कातली भांडणंही वाचावीत, म्हणजे वाटा सुरू करण्याआधीच शाळा कशावर चालणार हे ठरवता येईल.

अलास्कासमोर तोवर आणखी बिलं येत आहेत. गोठलेली जमीन वितळते आहे. न्यूटॉक नावाचं युपिक खेडं नदीने इतकं खाल्लं की गाव सोडून नदीपलीकडे मेर्टारविक इथे जावं लागलं. शेवटची माणसं 2024 मध्ये हलली. अशी आणखी गावं रांगेत आहेत आणि गाव हलवणं स्वस्त नसतं. ज्या तेलाने तिजोरी भरली त्याच्याच धुराने ही जमीन वितळते, हे तिथल्या लोकांना ठाऊक आहे. तरी 2023 मध्ये केंद्राने उत्तरेत एका नव्या तेलप्रकल्पाला परवानगी दिली तेव्हा राज्यातल्या दोन्ही पक्षांच्या पुढाऱ्यांनी स्वागत केलं. प्रकल्पाचं नाव विलो. राजधानी होता होता राहिलेल्या त्या गावाशी त्याचा काही संबंध नाही, नाव तेवढं सारखं.

वाट्याचे अर्ज दरवर्षी 1 जानेवारीला सुरू होतात आणि 31 मार्चला बंद होतात. आदलं पूर्ण वर्ष राज्यात राहिलात आणि पुढेही राहायचा विचार आहे, एवढं लिहून द्यायचं. रक्कम किती, ते अर्जात लिहिलेलं नसतं, कारण ती तोपर्यंत ठरलेलीच नसते. रस्ता नसलेल्या जुनोत साठ माणसं मे महिन्यापर्यंत त्यावरच वाद घालत बसलेली असतात.